लिलावाची शिल्लक आणि कटोरीचा कागद

माझ्या दुकानात लोक सही करायला येतात. विचार ते घरून करून आलेले असतात, किंवा त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेला असतो. मी मध्ये पडत नाही. तहसील कचेरीसमोरच्या रांगेत माझी दहा बाय आठची जागा आहे. तिच्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि उन्हाळ्यात माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलणारा एक कूलर. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, हरवलेल्या गुणपत्रिकांचे अर्ज, भावाभावांच्या वाटण्या. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं टाइप करतो आहे. त्याआधी हौशी नाटकांत कामं करायचो आणि माझ्या भुवयांमुळे मला नेहमी खलनायकाचीच भूमिका मिळायची. नाटक सुटलं, भुवया राहिल्या.

माझं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं. त्याला मी मनातल्या मनात शिल्लकवाला म्हणायचो. कडक इस्त्रीचा शर्ट, तीन अंगठ्या, काखेत चेनची फाईल. त्याचा धंदा मोठा सुबक होता. कर्जाचे हप्ते थकले की बँक घर ताब्यात घेते, लिलाव करते, आपलं येणं आणि खर्च त्यातून वळता करून घेते. कधी कधी घर येण्यापेक्षा बऱ्याच जास्त किमतीला जातं. वरचे पैसे मालकाचे. पण घर गेलेला माणूस पत्ता बदलतो, फोन उचलत नाही, बँकेचं पाकीट आलं तर नागाच्या वारुळाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहतो. शिल्लकवाला अशा माणसांना हुडकून काढायचा. तुमचे पैसे अडकले आहेत, मी सोडवून देतो, अर्धे तुमचे, अर्धे माझे, असा करारनामा तो मुद्रांकावर करून घ्यायचा आणि तो माझ्याकडे टाइप व्हायचा. सात-आठ तरी केले असतील मी. सापडलेल्या वस्तूत शोधणाऱ्याचा वाटा असतोच, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर एवढंही वाटत नसे. मला पानामागे पैसे मिळत होते.

नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, एका दुपारी तो एका बाईंना घेऊन आला. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती आणि बोटांना निळा खडू लागलेला होता. "जयभीम, भाऊ," म्हणून त्या स्टुलावर बसल्या. शिल्लकवाल्यानं त्यांना माठातलं पाणी स्वतः आणून दिलं. माझ्या दुकानात तो पाणी द्यायला लागला की समजावं, रक्कम मोठी आहे.

टाइप करताना माणसाची गोष्ट आपोआप कळते, विचारावी लागत नाही. बाईंचे मिस्टर बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात होते. तिकडेच एका लेआउटमध्ये दोघांच्या नावावर कर्ज काढून घर बांधलं. मग मिस्टर आजारी पडले आणि वर्षाच्या आत गेले. हप्ते थांबले, दाराला बँकेचं सील लागलं, घर विकलं गेलं. बाई शिलाई मशीन घेऊन जरीपटक्याला आल्या आणि बाजारामागच्या एका घराच्या ओसरीत ब्लाऊज शिवू लागल्या. मुलीचं लग्न त्यांनी त्याच ओसरीतल्या कमाईवर करून दिलं, ती कन्हानला असते. आता घरमालक ती ओसरी आणि मागची खोली विकायला काढून बसला होता. पहिला हक्क तुमचा, पण पोळ्यापर्यंत पैसे आणा, असं त्यानं सांगितलं होतं. ओसरी गेली तर गिऱ्हाईक गेलं, कारण जरीपटक्याच्या बायका शिंपिणीला नावानं ओळखत नाहीत, जागेनं ओळखतात.

शिल्लकवाल्यानं बाईंना त्यांच्या वाट्याला किती येतील तो आकडा सांगून ठेवला होता. त्यात खोली बसत नव्हती. उरलेल्यासाठी पुन्हा कर्ज काढावं लागलं असतं. कर्ज हा शब्द आला तेव्हा बाईंनी मोजपट्टी गळ्यातून काढून बोटाला घट्ट गुंडाळली.

मी पहिलं पान मुद्रांकावर छापून काढलं. बाईंनी ते उचलून आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, जसं आपण कापड पाहतो तसं. मग वाचलं. हळू, पण सगळं.

"यात रक्कम लिहिली नाई," त्या म्हणाल्या.

शिल्लकवाला गोड हसला. "मॅडम, रक्कम बँक ठरवेल ना. जेवढी निघेल तेवढ्याची अर्धी. आपण फेअर काम करून राहिलो."

"मंग माह्या वाट्याचा आकडा तुमी कसा सांगतला?"

तो अंदाज होता म्हणाला. अनुभवावरून कळतं म्हणाला. मग दुसऱ्या पानासाठी बँकेचा खाते क्रमांक सांगायला त्यानं खिशातून बँकेच्या कुठल्याशा कागदाची रंगीत झेरॉक्स काढली. वरचा चार बोटं रुंदीचा भाग तेवढा दिसेल अशी घडी, आणि खालच्या भागावर अंगठा. क्रमांक सांगून झाला आणि कागद परत खिशात गेला. बाई त्याच्या खिशाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमची बहीण असती तं तुमी तिले यावर सही करू देली असती का?"

आमच्या धंद्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. टाइप करणाऱ्यानं मत द्यायचं नसतं, आणि पैसे देणारा माणूस शेजारी बसलेला असताना तर नाहीच. पंचवीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर माझ्या पायानं दिलं. टेबलाखाली एक बोर्ड आहे, त्याचं बटण अंगठ्याच्या पल्ल्यात येतं. स्क्रीन काळी झाली, प्रिंटर गप्प झाला.

"लाईन गेली," मी म्हणालो आणि जुन्या दिवसांची आठवण ठेवून एक उसासाही सोडला.

शिल्लकवाल्यानं कूलरकडे पाहिलं. कूलर दुसऱ्या बोर्डावर होता आणि आपला गरगर फिरत होता. इतकी वर्षं रंगमंचावर वावरलेला मी, आणि एवढी साधी गोष्ट विसरलो.

"कूलर तं चालू हाय," तो म्हणाला.

"तो इन्व्हर्टरवर आहे."

"आणि कॉम्प्युटर नाई?"

"कॉम्प्युटरचा इन्व्हर्टर दुरुस्तीला दिला," मी म्हणालो आणि भुवया वर केल्या. त्या भुवयांपुढे फारसं कुणी बोलत नाही. तो पाच मिनिटं थांबला, तीनदा घड्याळ पाहिलं आणि लाईन आली की हाक मारा म्हणून समोरच्या रसवंतीवर गेला.

मी खाली वाकून बाईंना सांगितलं, की ते पैसे त्यांचेच आहेत, त्यासाठी कुणी मध्यस्थ लागत नाही, शाखेत साधा अर्ज दिला तरी चालतो. बाई पहिल्यांदा हसल्या. तुमी चांगले माणूस दिसता, त्या म्हणाल्या, पण बँक आपल्या हातानं पैसे परत देते हे मले सांगू नका. घर घेऊन गेलेली बँक शिल्लक परत करते, यावर विश्वास ठेवायला त्या तयारच नव्हत्या. शिल्लकवाल्याच्या गोष्टीत निदान मधे वाटा खाणारा एक चोर होता. तो त्यांना जास्त पटत होता.

मग त्या एकदम म्हणाल्या, "भाऊ, त्याच्या कागदाचा काठ पाह्यला तुमी? जांभळी जाड पट्टी अन् खाली बारीक पिवळी रेघ."

पाहिला होता, पण मला तो बँकेचा मथळा वाटला होता, काठ नव्हे.

"थो काठ माह्याजवळ हाय," बाई म्हणाल्या. "खिळ्याले टांगला हाय. कटोरीत."

कटोरी म्हणजे ब्लाऊजच्या पुढच्या बाजूचा गोल तुकडा. चांगली शिंपीण तो आधी कागदात कापते आणि मग कापडावर ठेवते. बाईंना बँकेची पाकिटं यायची. इंग्रजीत असायची, त्या फोडायच्या पण वाचायच्या नाहीत. घर तर गेलंच होतं, आता आणखी काय मागत असतील ते मागोत. मात्र कागद सुरेख होता. वर्तमानपत्राचा कागद गोलाईवर मोडतो, वहीचा फाटतो. कटोरीले कडक कागद लागते, भाऊ, त्या मला समजावून सांगू लागल्या, अन् बँकेसारखा कडक कागद बाजारात भेटत नाई.

म्हणजे बँक दोन वर्षं बाईंना सांगत होती की तुमचे पैसे आमच्याकडे आहेत, आणि बाई त्याचे ब्लाऊज शिवत होत्या.

शिल्लकवाला रस पिऊन परतला, तेव्हा बाईंनी आज सही करत नाई म्हणून सांगितलं. तो समजावत बसला. मग म्हणाला, मुदत संपली की सगळे पैसे सरकारजमा होतील. मग म्हणाला, ही ऑफर आजच्यापुरतीच आहे.

"मंग आजचा दिवस जाऊ द्या," बाई म्हणाल्या.

मुद्रांक वाया गेला, त्याचे कोण भरून देणार, असं म्हणत त्यानं ते छापलेलं पान टेबलावर आपटलं आणि टाइपिंगचे पैसे न देताच निघून गेला. आधीच्या झेरॉक्सचेही राहिले होते. बाईंनी ते पान परत चोळून पाहिलं, नेऊ का म्हणून विचारलं आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. पुरावा म्हणून ठेवत असतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरीपटक्याला गेलो. ओसरीची एक भिंत खिळ्यांनी भरलेली होती. प्रत्येक खिळ्याला सुतळीत ओवलेला कागदांचा जुडगा, प्रत्येक जुडगा एका बाईचा. पंख्याच्या वाऱ्यानं सगळी भिंत सळसळत होती. मी कौतुकानं जवळचा एक जुडगा धरायला गेलो.

"हात नका लावू," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, पण माझा हात तिथंच थांबला.

प्रत्येक तुकड्याच्या मागे लाल पेन्सिलीनं माप लिहिलेलं असतं. ते माप कुणाला दाखवायचं नाही, हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकाच्या सासूला नाही, नणंदेला नाही, नवऱ्यालाही नाही. एका बाईचा नवरा एकदा बायकोला न सांगता ब्लाऊज शिवून द्यायचा म्हणून माप मागायला आला होता, तर त्यालाही परत पाठवलं. "बाईले जे कोनाले सांगता येत नाई थे माप सांगते," बाई म्हणाल्या. "लेकरू झालं, आजार आला, जेवण सुटलं, सारं मापात येते. मी बोलत नाई. शिवून देते."

मी पंचवीस वर्षं लोकांच्या घटस्फोटाच्या अर्जांची झेरॉक्स काढतो आणि चहाबरोबर ते वाचतोही. माझ्या व्यवसायात असा नियम कुणी केलेला नाही. मी ओसरीच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलो आणि दोन तास तसाच बसून राहिलो. समोर भाजीवाले, दप्तरं, सायकली. मागे कात्रीचा आवाज.

कात्री कशासाठी, ते नंतर कळलं. बँकेचा एकेक तुकडा खिळ्यावरून काढायच्या आधी बाई जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यासारख्या कागदातून तसाच दुसरा तुकडा कापत होत्या. माप त्यावर उतरवत होत्या आणि सुतळीत ओवत होत्या. आपल्या पैशांसाठी कुणाही बाईचा खिळा अर्धवट राहू नये म्हणून. मग त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ केली आणि बँकेचे तुकडे एका मोठ्या खाकी कागदावर चिकटवले. मापाची बाजू खाली, बँकेची वर. ती मापं आता कायमची खळीत गेली.

"आता वळा," त्या म्हणाल्या.

बँकेनं एकच पत्र तीनदा पाठवलं होतं आणि बाईंनी तीनही वेगवेगळ्या तऱ्हेनं कापली होती. त्यामुळे एकात नसलेली ओळ दुसऱ्यात सापडत होती. मी खाकी कागदासमोर मांडी घालून वाचायला लागलो. इंग्रजी वाक्यं एका कटोरीच्या कडेपर्यंत चालत यायची, तिथून पडायची आणि दुसरीकडे बाहीच्या वळणावर पुन्हा उभी राहायची. आदरणीय महोदया. आपल्या मालमत्तेच्या विक्रीतून आमचं येणं वजा करून. शिल्लक रक्कम आपली आहे. कृपया शाखेत यावे. मी मराठीत सांगत होतो आणि बाई प्रत्येक वाक्य माझ्याकडून दोनदा ऐकत होत्या. 'आपली आहे' हे तीनदा.

फक्त रकमेची ओळ नव्हती. ती पानाच्या मधोमध होती आणि मधोमध गळ्याची गोलाई येते. दोन पत्रांतली ती ओळ कतरण म्हणून कधीच कचऱ्यात गेली होती. तिसऱ्या पत्रातला तो भाग मात्र कटोरीत आला होता, पण ती कटोरी मुलीच्या लग्नातल्या ब्लाऊजची. मुलगी सासरी जाताना आपलं कागदाचं कटिंग सोबत घेऊन गेली होती.

मी म्हणालो, एवढं पुरे आहे, उद्या बँकेत जाऊ. बाई म्हणाल्या, "बिना हुकाचा ब्लाऊज मी गिऱ्हाइकाले देत नाई."

मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, फोटो पाठवते. बाईंनी ते लगेच थांबवलं. माप फोनातून पाठवायचं नाही, स्वतःच्या मुलीचं असलं तरी नाही. मग आम्ही माझ्या स्कूटरवर कन्हानला निघालो, नवतप्यात, भर बारा वाजता, तोंडाला दुपट्टे बांधून. पुलावर नदीच्या वाळूवरून येणारी झळ अशी होती की मला माझ्या भुवया जळल्यासारख्या वाटल्या. बाई मागून एकच प्रश्न विचारत होत्या: थो माणूस म्हणला तसं सरकारजमा खरंच होते का? मला नक्की माहीत नव्हतं. मी नाही म्हणालो, जोरात, कारण वाऱ्यात हळू बोललेलं ऐकू येत नाही.

मुलीनं आतून कटोरी आणून आईच्या हातात दिली. बाईंनी बँकेची बाजू वर केली. आकडे त्यांना वाचता येत होते. त्यांनी वाचले, मग खाटेवर बसल्या आणि पाणी मागितलं. प्यायल्या नाहीत, नुसता गिलास धरून बसल्या.

"तिसरा हिस्सा होता थो आकडा," शेवटी त्या म्हणाल्या. "मले अर्धा म्हणून सांगतला."

मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, की आईची खोली होते का यात. मी म्हणालो, खोली होते आणि वर एक पंखा होतो.

बँकेतला अधिकारी तरुण होता, बाहेरच्या राज्यातला, हिंदी बोलणारा. त्याच्या टेबलावर बाईंनी खाकी कागद उलगडला, तेव्हा त्यानं आधी पेपरवेट उचलून बाजूला ठेवलं, मग लॅपटॉप, मग चहाचा कप. तेवढी जागा लागली. तो बराच वेळ बघत राहिला. आपल्याच बँकेचा मथळा त्याला तीन कटोऱ्यांवर, दोन बाह्यांवर आणि एका पट्टीवर दिसत होता. त्यानं एक कोपरा उचलून मागे पाहायचा प्रयत्न केला. बाईंनी त्यावर हात ठेवला.

"पीछे क्या है?" त्यानं विचारलं.

"पीछे मेरे गिऱ्हाईक है, साहेब."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भुवयांनीच सांगितलं, की विषय वाढवू नये. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरच्या बाई चष्मा सावरत आल्या आणि म्हणाल्या, अहो, ही तर कटोरी आहे. मग आणखी दोघी आल्या. त्यातली एक विचारायला लागली, की तुम्ही कुठं शिवता, माझी कटोरी नेहमी वर चढते. बाईंनी तिला उभ्या उभ्या एका नजरेत पाहिलं आणि सांगितलं, वर चढत नाही, खालची पट्टी कमी देतात. त्या बाई नंतर खरंच गिऱ्हाईक झाल्या.

आणि मग अधिकाऱ्यानं कपाटातून फाईल काढली. त्या फाईलीत तेच पत्र होतं, संपूर्ण, न कापलेलं, तीनही प्रती. तो फार सभ्यपणे म्हणाला, की हे आणायची तशी गरज नव्हती. अर्ज, ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, पासबुक आणि मुलीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, एवढंच हवं.

माझे दोन तास पायरीवर, खळ, कॅलेंडर, कन्हानचा पूल, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांना अजिबात वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी ते पत्र बँकेला दाखवायला नव्हतंच. आपल्याजवळचं आणि बँकेजवळचं एकच आहे की नाही, हे त्या बोटानं ओळ न् ओळ पडताळून पाहत होत्या. कटोरीवरची ओळ आणि फाईलीतली ओळ. जुळलं. तेव्हा त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या.

अधिकारी म्हणाला, की दोन वर्षांपासून पत्रं पाठवतोय, उत्तरच आलं नाही.

"मले वाटलं, तुमी आणखी मागून राहिले," बाई म्हणाल्या.

त्यानं शिपायाला चहा सांगितला, आणि अर्ज पुढे पाठवायला स्वतः उठून गेला.

पुढचं काम साधं पण लांबलचक होतं. मुलीचं प्रतिज्ञापत्र मी केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. बाईंनी बळजबरीनं दिले, मी झेरॉक्सच्या डब्याखाली लपवले, त्यांनी शोधून काढून परत माझ्या हातात ठेवले. चार चकरा झाल्या, एक कागद वरच्या कचेरीतून परत आला, एक सही राहिली होती. पोळ्याला बारा दिवस राहिले असताना पासबुकात नोंद आली. किती, ते मी इथे लिहिणार नाही. त्या ओसरीतला नियम मी आता पाळतो. घरमालकाला पैसे पोचले आणि पोळ्याच्या दिवशी त्या खोलीच्या दाराला बाईंनी स्वतः तोरण बांधलं.

मी माझ्या कॉम्प्युटरमधून ते जुने सात-आठ करारनामे काढले. लोकांचे फोन लावले. बहुतेकांचे पैसे येऊन वाटून झाले होते. एका म्हाताऱ्याचे अजून यायचे होते, त्याचा अर्ज मी करून दिला. काउंटरवर आता एक कागद चिकटवला आहे: घर लिलावात गेल्यावर उरलेले पैसे मालकाचेच असतात, शाखेत साधा अर्ज द्यावा. लोक तो वाचतात आणि मला विचारतात, की यात तुमचं किती.

शिल्लकवाला एकदा रसवंतीवर भेटला. "तुमच्या इकडं लाईन भल्ली जाते, भाऊ," तो म्हणाला. मी म्हणालो, उन्हाळ्यात जातेच. त्यानं माझ्या रसाचे पैसे दिले. झेरॉक्सचे अजून दिलेले नाहीत.

दिवाळीच्या आधी बाईंनी निरोप पाठवला, की माप द्यायला या. आयुष्यभर बायकांचे ब्लाऊज शिवलेल्या त्या बाईंनी माझ्यासाठी शर्ट शिवायला घेतला होता. पहिला मर्दानी शर्ट, म्हणाल्या, काही चुकलं तं बोलायचं नाई. शर्ट घ्यायला गेलो, तेव्हा भिंतीवर नवा खिळा होता आणि त्याला एक जुडगा. मी सवयीनं हात मागे घेतला.

"थो तुमचाच हाय," त्या म्हणाल्या. "तुमी पाहू शकता."

मी सुतळी सोडली. पाठ वर्तमानपत्राची, बाही कॅलेंडरची. कॉलर मात्र जाड हिरवट कागदाची होती, वर मुद्रांकाची नक्षी, आणि माझ्याच प्रिंटरची अक्षरं कॉलरच्या टोकाशी येऊन कापली गेली होती: 'लिहून देणार यांना मिळणाऱ्या एकूण रकमेपैकी अर्धी…'

"कॉलरले कडक कागद लागते," बाई म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

कॉलर अशी बसली आहे की दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठं शिवला. जागा सांगतो. माप सांगत नाही, ते कागदाच्या मागे लाल पेन्सिलीत आहे आणि पोटाच्या घेरासकट सगळं खरं लिहिलेलं आहे.